बाजा काऊन थांबला?

पहिल्याच भेटीत त्या माणसाने माझ्या स्पीकरवर घमेलं पालथं घातलं. सिमेंट कालवायचं, काठाला गिलावा वाळून चिकटलेलं घमेलं. आत माझी तीस व्हायोलिनं, हॉर्न, ट्रॉम्बोन, मागे गाणाऱ्यांचा ताफा, सगळे कोंडल्यासारखे गुरगुरत राहिले आणि हा त्या घमेल्यावर चहाचा कप ठेवून म्हणाला, "आता जरा सहन होते."

आजही आठवलं की माझी कानशिलं तापतात. दोन महिने रक्त आटवून केलं होतं ते. मी चामोर्शीला शाळेत संगीत शिकवते. म्हणजे प्रार्थना, पाहुण्यांचं स्वागतगीत आणि पंधरा ऑगस्टची कवायत. शाळा सुटली की घरी कॉम्प्युटरवर ऑर्केस्ट्राचं संगीत रचत बसायचं हे माझं वेड. अहेरीच्या पुढे जंगलात एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. त्याच्या दिग्दर्शकाने माझं काहीतरी मोबाईलवर ऐकलं आणि एका प्रसंगाचं संगीत मला करायला दिलं. चार मिनिटांचा प्रसंग. एक म्हातारी पहाटे मोहफुलं वेचायला जाते, बस, एवढंच. संवाद नाही, काही नाही. मी जीव ओतून संगीत केलं, पाठवलं, आणि साहेबांचा फोन आला, "मॅडम, भव्य आहे हो, पण भिंत वाटते. आठ दिवसांत सुधारून द्या, नाहीतर मी मुंबईत करून घेतो."

भिंत म्हणे! माझा पहिला सिनेमा आठ दिवसांवर लटकला. त्यातच शाळेची पेटी बिघडली म्हणून मी ती दुरुस्तीला या माणसाकडे नेली, आणि तो भाता उसवत होता तेवढ्यात आपलं रडगाणं गात माझा स्पीकर लावून बसले. माझीच अक्कल.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याची दोन खोल्यांची जागा होती. एके काळी बावीस माणसांचा बँड होता त्याचा. सावली, मूल या गावांपासून पार अहेरीपर्यंत वराती वाजवायचा. मग डीजे आला, बँड मोडला आणि हा पेट्या दुरुस्त करत बसला. सारा गाव त्याला मास्तर म्हणे. मी तोंडावर अहो-जाहो करायची आणि मनातल्या मनात अरे-तुरे. ती सवय अजून सुटली नाही, सोडायचीही नाही.

लुंगीवर बँडचा लाल कोट घालून काम करायचा हा. पितळी बटणं, खांद्यावर झालर, चंद्रपूर-गडचिरोलीचं ऊन, आणि हा कोटात. जेवायला बसताना काढायचा, हात धुतले की पुन्हा चढवायचा. मी एकदा विचारलं, मास्तर, गर्मी नाही होत का? तर म्हणे, "होते नं. पण ड्युटी आहे." कसली ड्युटी, कोणाची, काही नाही. विचारायची सोय नव्हती.

आणि कौतुक? नाव नको. चांगलं झालं, छान झालं, हे शब्द त्याच्या घरात नव्हतेच. काम पटलं की "हं" म्हणायचा, नाही पटलं की कानात बोटं. त्याची बायको, आम्ही तिला चाची म्हणत असू, मला चहा देता देता म्हणाली होती, "त्याचं मनावर घेऊ नको, बाई. छत्तीस वर्ष झाले रांधून राह्यली मी. एक डाव 'बरं झालं' म्हणून नाई निघालं याच्या तोंडातून." आतून मास्तर ओरडला, "मीठ कमी राह्यते!"

आणखी एक खोड होती. कुठेही काही वाजत असलं की हा त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. छातीवर पंजा ठेवून. सूर चालला की सोडायचा, सूर थांबला की घ्यायचा. चहाच्या टपरीवरचा रेडिओ असो की टीव्हीवरची साबणाची जाहिरात. जाहिराती लागल्या की चाची टीव्ही बंद करायची, कारण त्यात श्वास घ्यायला जागाच नसते आणि हा खोकत बसतो.

घमेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फणफणत परत गेले. कारण काय, तर पेटी आणायला. पेटी तयार होती. त्याने ती माझ्यापुढे सरकवली.

"वाजव."

"काय वाजवू?"

"तुहं ते. घमेल्याखालचं."

"मास्तर, ते ऑर्केस्ट्राचं आहे. पेटीवर नाही येत ते."

"पेटीवर येत नाई, तं मंग ते आहे कुठी?"

मी वाजवायला बसले. भाता त्याने स्वतः धरला, मला एकाच बोटाने वाजव म्हणाला. ही व्हायोलिनची झालर काढ, तो हॉर्नचा गडगडाट काढ, हे काय आहे, हे कायले आहे, काढ. बासष्ट ट्रॅक खरवडून खाली निघाले पाच सूर. दोन महिन्यांची कमाई! त्यातलाही पाचवा त्याला पटेना. मला रडू आलं, आणि या माणसापुढे रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"रडते कायले? चार तं खरे आहे," तो म्हणाला आणि आत जाऊन एक पोतं ओढत घेऊन आला.

पोत्यात लग्नपत्रिका होत्या. बँडवाल्याला गावोगावच्या लग्नाची पत्रिका येते, त्या सगळ्या त्याने ठेवल्या होत्या, आणि ज्यांची पाठ कोरी त्यांवर त्याने आयुष्यभर आपली गाणी मांडली होती. पेन्सिलने, सारेगमात. वरच्या ओळीत चाल, खालच्या ओळीत तिला धरणारा जाड सूर, मध्ये रिकामी जागा. एवढाच आराखडा. आधी तो मांडायचा, मग कोणी काय वाजवायचं ते ठरवायचं. कागद मोठा घेऊ का म्हटलं तर अंगावर आला. "पत्रिकेत मावत नाई ते कानात मावत नाई!"

मग सलग तीन दिवस शाळा सुटली की मी त्याच्याकडे. कोणातरी चि. आणि कोणातरी चि. सौ. कां. यांच्या शुभविवाहाच्या पाठीवर माझी म्हातारी मोहाकडे चालली. मी लिहायची, हा खोडायचा. खोडरबर त्याच्या कोटाच्या खिशात, पेन्सिल माझ्याकडे, असा कारभार. खालची ओळ पाहून म्हणाला, "वरचा जे बोलते तेच खालचा बोलून राह्यला. मंग दोघं कायले ठेवले? एकाले घरी पाठव." खरं होतं ते. माझा खालचा सूर वरच्याच्या मागे मागे शेपटासारखा फिरत होता. तो उलट्या दिशेने नेला, म्हातारी वर चढते तेव्हा तो खाली उतरतो असं केलं, आणि चार सुरांची चाल एकदम पायावर उभी राहिली. माझ्याच पेटीवर, माझ्याच बोटांखाली. मी त्याच्याकडे पाहिलं. "हं," म्हणाला आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

मग वाटणी. कोणता सूर कोणाला द्यायचा, याला तो वाटणी म्हणायचा.

"म्हातारी कोण वाजवते?"

"व्हायोलिन."

"म्हातारी एवढ्या वर बोलते का? ते काय टीव्हीवरची सून आहे?"

मी कॉम्प्युटर नेऊन एकेक वाद्य त्याला ऐकवलं. चेलो लागला, व्हायोलिनच्या घराण्यातला तो जाड, छातीतून बोलणारा आवाज, आणि त्याने हात वर केला. "हे आहे म्हातारी. हे जमिनीजवळ बोलते." क्लॅरोनेट त्याला बँडमुळे पाठ होतं, ते त्याने चेलोच्या वर, अगदी बारीक, ऐकू येईल न येईल असं ठेवायला लावलं. खालच्या सुरांत मी चार-पाच वाद्यं कोंबली होती, तिथे त्याने कपाळावर हात मारला. "खाली गर्दी नाई करायची, बाई. परे दाट रोवले तं लोंबी भरत नाई." रोपं दाट लावू नयेत, हे धानाच्या गावात राहून मला कळू नये! एकेक काढलं, मोकळं केलं, तेव्हा उरलेली दोन वाद्यं पाचांपेक्षा भारी वाजायला लागली. आणि ढोल चार मिनिटांत फक्त एकदा. "जिथी तिथी ढोल ठोकते लोकं. मंग ढोलाले भेते कोण?"

पुढचं त्याचं खूळ ऐका. प्रत्येक वाद्याची ओळ मला म्हणत अंगणातल्या कडुनिंबापर्यंत चालायला लावायचा. तिथून परत. वरातीत माणूस चालत वाजवते, म्हणे. जिथे मला दम लागेल तिथे हा पत्रिकेवर एक रिकामा गोळा काढायचा. गोळा म्हणजे दम. तिथे त्या वाद्याने थांबायचं. शेजारपाजारचे दारात येऊन पाहायचे, शाळेच्या बाई ला-ला करत कडुनिंबाला फेऱ्या घालताहेत. माझ्या वर्गातल्या दोन पोरींनीही पाहिलं. शेवटी माझं टाळकं फिरलं.

"मास्तर, पुरे झालं! हे काय वरातीत वाजणार आहे का? चेलो गजाने वाजतो आणि इथे तर माणूसच नाही. कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटरला दम लागत नाही!"

"ऐकनाऱ्याले लागते नं," तो म्हणाला.

मी म्हटलं, ऐकणारा खुर्चीत बसलेला असतो. त्याला कसला आलाय दम?

तेव्हा तो कडुनिंबाच्या पारावर बसला आणि कोटाचं वरचं बटण काढलं. ड्युटीवर असताना बटण काढलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

"माझा लहान भाऊ क्लॅरोनेट वाजवे," तो म्हणाला. "बावीस वर्षाचा होता. सावलीकडची वरात होती, मे महिना, दुपार. मुलीचा बाप म्हणे, बाजा थांबला नाई पाह्यजे. मले बी जवानीचा माज. म्या अशी चाल बांधली का क्लॅरोनेट थांबतच नाई. कुठीच गोळा नाई. लोकं म्हणे, वा मास्तर! मी समोर ट्रंपेट घेऊन चालून राह्यलो, पाठ भावाकडे. एकदम क्लॅरोनेट बंद. मी मागं न पाह्यता ओरडलो."

"काय ओरडलात?"

"बाजा काऊन थांबला?" मास्तर म्हणाला. "भाऊ पडला होता, बाई. घोड्याच्या पुढं, डांबरावर. अन् मी इचारून राह्यलो बाजा काऊन थांबला."

भाऊ उठला, पण त्याने पुन्हा कधी क्लॅरोनेट तोंडाला लावलं नाही. मूलला राईस मिलमध्ये लागला. मास्तरच्या घरीही येईनासा झाला. ते क्लॅरोनेट भिंतीवर होतं, मी रोज पाहत होते आणि शोभेचं समजत होते.

मी गुपचूप उठले आणि चेलोची ओळ म्हणत कडुनिंबापर्यंत चालले.

तीन मोठे गोळे झाले, सगळ्या वाद्यांनी मिळून थांबायचे. तिसरा सगळ्यांत मोठा होता, त्याची जागा मास्तरने प्रसंग पाहून ठरवली. माझ्या मोबाईलवर आवाज बंद करून त्याने तो तीनदा पाहिला. ती म्हातारी नटी नव्हती, अहेरीकडच्या जंगलातल्या गावातली होती, दर साल मोह वेचणारी. वेचता वेचता मध्येच ती उभी राहते, कंबरेवर हात देऊन पाठ सरळ करते, झाडाकडे पाहते आणि पुन्हा वाकते. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. तिची कंबर खरोखरच दुखत होती.

"इथी सारे बंद," मास्तर म्हणाला.

"किती वेळ?"

"ते पाठ सरळ करते तितका."

"मास्तर, सहा सेकंद होतात! सिनेमात सहा सेकंद म्हणजे फार होतात."

"मंग तिले जाऊन सांग, लवकर सरळ कर म्हणून."

आठव्या दिवशी मी पूर्ण झालेलं संगीत त्याला ऐकवलं. घमेलं कोपऱ्यात होतं, त्याकडे माझं लक्ष होतं. त्याने छातीवर पंजा ठेवला आणि चार मिनिटं चेलोबरोबर श्वास घेतला. तिसऱ्या गोळ्याला सगळं थांबलं तेव्हा बाहेरून एक फटफटी गेलेली ऐकू आली, चाचीची कढई ऐकू आली, आणि मग चेलोने पुन्हा वाकून सुरुवात केली. माझं होतं ते, भिंत नव्हती, माणूस होता त्यात. मास्तर म्हणाला, "हं. फटफटीवाल्याचा सायलेन्सर फुटला आहे."

साहेब तर उडालेच. "मॅडम, हे वेगळंच झालं! कुठल्या मोठ्या माणसाकडून करून घेतलंत?" मुंबई रद्द झाली. नागपूरच्या स्टुडिओत शेवटची जोडणी करायला मला बोलावलं. मी नवी साडी नेसून गेले. पडद्यावर म्हातारी चालली, वाकली, वेचायला लागली, मग उभी राहून तिने कंबरेवर हात दिला. सगळं थांबलं. आणि साहेब खुर्चीत गर्रकन वळून म्हणाले,

"इथे म्युझिक का थांबलं?"

तेच वाक्य, फक्त बोली शहरी. म्हातारीची पाठ दुखतेय हे समोर दिसतंय, हातभर पडद्यावर दिसतंय, आणि या शहाण्याला पडलंय म्युझिक का थांबलं! मी भांडले. वीस मिनिटं भांडले. ती दम घेते म्हणून थांबलंय, म्हटलं. साहेब म्हणाले, मॅडम, अशा जागी प्रेक्षक खिशातून मोबाईल काढतो. एक व्हायोलिनचा सूर नुसता ओढून द्या वरून, काय जातंय?

काय जातंय! त्याच्या बापाचं काय जात होतं? कडुनिंबाला फेऱ्या याने घातल्या होत्या? डांबरावर याचा भाऊ पडला होता? हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पण मग ते म्हणाले, "बघा, नाहीतर आमच्याकडे दुसरं तयार संगीतही आहे." आणि मी, जी गल्लीदेखत ला-ला करत फिरले होते, ती मी, माझ्याच बोटाने व्हायोलिनचा एक सूर धरला आणि त्या सहा सेकंदांवरून पार पलीकडे ओढत नेला. साहेबांनी अंगठा वर केला. मला साहेबांचा राग येतो तो येतोच. पण स्वतःचा जो येतो, त्याला कुठे घेऊन जाऊ?

मास्तरला मी काही सांगितलं नाही. सिनेमा चंद्रपूरला लागला तेव्हा वाटलं, नेऊ नये. पण चाचीने आधीच त्याचा कोट धुऊन ठेवला होता, बटणं चिंचेने घासून. एसटीत लोक विचारायचे, "कोणाची वरात आहे, भाऊ?" हा सांगायचा, "ड्युटी आहे." दुपारचा खेळ होता. थिएटरात पंचवीस-तीस माणसं. माझं नाव पडद्यावर आलं तेव्हा मास्तरने मान डोलावली, मला वाटतं चष्मा नसल्याने वाचता आलं नसावं.

मग मोहाचा प्रसंग आला. अंधारात मला त्याचा पंजा छातीवर गेलेला दिसला. चेलो सुरू झाला. पहिल्या गोळ्याला त्याने श्वास घेतला, दुसऱ्याला घेतला. त्याला सगळी पत्रिका पाठ होती. म्हातारी उभी राहिली, तिने कंबरेवर हात दिला, आणि मास्तर श्वास घ्यायला थांबला. व्हायोलिन थांबलं नाही. ते चाललंच होतं, माझं व्हायोलिन, गुळगुळीत, लाजलज्जा नसलेलं. सूर चालू असताना हा माणूस श्वास घेत नसे. मी त्याच्या बाजूला बसून ऐकत होते आणि मला त्याचा श्वास ऐकू येत नव्हता. "मास्तर, घ्या ना," मी हळूच म्हटलं. त्याने नाही घेतला. चेलोची पुढची ओळ सुरू झाली, ती संपली, तेव्हा कुठे त्याला खोकला फुटला, आणि पुढच्या रांगेतला एक जण मागे वळून म्हणाला, "ओ काका, शांत बसा नं."

आता तो नाही, दोन वर्षं झाली. त्याची मय्यत गल्लीतून निघाली तेव्हा बाजारात कोणाच्या तरी लग्नाचा डीजे धडधडत होता. मी पाच मिनिटं बंद करा म्हणून सांगायला गेले, तर डीजेवाला म्हणतो, "मॅडम, पार्टीवाले ओरडतील, काऊन बंद केला म्हणून." मी तिथे रस्त्यावर उभी राहून त्याला जे बोलले ते शाळेच्या बाईंना शोभणारं नव्हतं. पण मला माहीत आहे, त्यातलं निम्मं मी मलाच बोलत होते.

त्या दिवशी चंद्रपुरात सिनेमा सुटल्यावर आम्ही बाहेर उन्हात रसवंतीवर बसलो. मी वाट पाहत होते, आता शिव्या देईल, पत्रिका फाडली म्हणेल, काहीतरी म्हणेल. त्याने अर्धा ग्लास रस संपवला, तोंड पुसलं आणि विचारलं,

"तिथी कोण होता वाजवाले, बाई?"

"कोणी नाही, मास्तर," मी म्हटलं. "कॉम्प्युटर."

"बरं झालं," तो म्हणाला. "माणूस असता तं पडला असता."

छत्तीस वर्षं रांधणाऱ्या चाचीला जे मिळालं नाही, ते 'बरं झालं' मला असं मिळालं.